आमच्या दाराला वळसा

त्या कलाकृतीचं नाव होतं ‘आत या’. उमरोळी स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर एक बंद पडलेली भातगिरणी आहे. तिच्या लांबट, अरुंद शेडमध्ये आमच्या उठवलेल्या गावाची दारं लोखंडी चौकटींत बसवून एकामागे एक उभी केली होती. नुसती दारं होती, ना भिंती ना छप्पर. बघणाऱ्याने पहिल्या दारातून शिरायचं आणि एकेक उंबरठा ओलांडत शेवटपर्यंत जायचं. शेवटी समोर भिंतभर मोठा फोटो होता, प्रकल्पाच्या कंपाउंडचा, वर काटेरी तार. फोटोपाशी पोचलं की लोक गप्प व्हायचे, एक उसासा टाकायचे आणि मग मोबाइल काढायचे.

पहिलं दार आमचं होतं.

दोन आठवडे माणसं येत होती. केळव्याला शनिवार-रविवार काढायला निघालेली मुंबईची मंडळी वाट वाकडी करून यायची. चौकटीला हात टेकवून, मान मागे वळवून फोटो काढून घ्यायची. ‘अंगावर येतं हो,’ असं एक बाई मला म्हणाली आणि लगेच विचारलं की जवळपास ताजी सुरमई कुठे मिळेल. बोईसरच्या एका कारखान्याचे साहेब आले. त्यांना एक दार एवढं आवडलं की त्यांनी ते गेस्ट हाउसच्या रिसेप्शनला लावायला मागितलं. एक पुढारी येऊन गेले. त्यांनी आमच्याच दारात उभं राहून भाषण केलं, आम्ही असेपर्यंत एकाही भूमिपुत्रावर अन्याय होऊ देणार नाही म्हणाले. जाताना त्यांच्या माणसांनी माहितीच्या फळीवरचा ‘विस्थापित’ हा शब्द काढायला सांगितलं. आता ‘पुनर्वसित’ म्हणतात म्हणे. बोईसरच्या कारखान्यांतले पाचसहा बिहारी कामगार एका सुट्टीच्या दिवशी आले, त्यांतल्या एकाने घरी व्हिडिओ कॉल लावला आणि बायकोला दाखवलं, ‘देख, अपने यहाँ जैसा दरवाज़ा.’ त्या सगळ्या गर्दीत दाराकडे दार म्हणून बघणारा तेवढा तो एकच होता, असं मला वाटलं.

आमचं गाव उठून वीसेक वर्षं झाली. प्रकल्पाला जमीन लागली आणि आम्हाला बोईसरच्या बाजूच्या वसाहतीत आणून टाकलं. येताना लोकांनी सुटं होईल ते सगळं आणलं, वासे, कौलं, खिडक्यांचे गज आणि सागाची जाडजूड दारं. वसाहतीतल्या खोल्यांना पत्र्याची दारं होती. मापंच वेगळी, त्यामुळे जुनी दारं कुठे बसेनात. मग कुणी दार दोन विटांवर आडवं टाकून त्याचा बाक केला, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण घातलं, कुणी त्यावर जवळा वाळत घातला. बाबांनी मात्र आमचं दार मागच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलं होतं. दर दिवाळीच्या आधी ते त्याला तेल पाजायचे. आई चिडायची. म्हणायची, दाराला तेल आणि माझ्या गुडघ्यांना नाही.

मुंबईहून आलेल्या त्या चित्रकार बाईंना ही दारं दिसली आणि त्या वेड्याच झाल्या. चित्रकार म्हणायचं, पण चित्र काढताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या क्षेत्रात आता चित्रं काढत नाहीत, वस्तू मांडतात, असं त्यांनीच मला समजावून सांगितलं. मी पालघरच्या एका शाळेत मराठी शिकवते. मराठीच्या बाईंना काहीही समजावून सांगता येतं, असा लोकांचा समज असतो. आमच्या शाळेतल्या एका कार्यक्रमाला त्या आल्या होत्या. मी त्याच गावची मुलगी हे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. माणूस वाईट नव्हतं. कष्टाळू होत्या, वसाहतीत घरोघर फिरल्या, चहा प्यायल्या, दारं मागून आणली, खुराड्यावरच्या दारांची शिटसुद्धा स्वतः घासून काढली.

पण त्यांनी फळीवर लिहिलं, ‘हे गाव शेवटपर्यंत एका मुठीने लढलं.’ ते वाचून मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आमचं गाव एका मुठीने लढलं नाही. गावाने देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती की प्रकल्पाला कोणीही संमती द्यायची नाही. ती शपथ मोडून पहिली सही माझ्या बाबांनी केली. त्यांचं म्हणणं होतं, सरकारने घ्यायची ठरवली म्हणजे जमीन जाणारच. आधी दिली तर निदान वसाहतीत विहिरीजवळची जागा मिळेल. ती मिळाली नाही ते सोडा. पुढच्या पावसाळ्याआधी गावातल्या झाडून सगळ्यांनी सह्या केल्या, शपथ घालणाऱ्यांनीही केल्या. पण पहिली सही ती पहिली सही. गावकी बसली आणि आम्हाला वाळीत टाकलं. नंतर गाव गेलं, देऊळ गेलं, गावकी जिथे बसायची तो पारही गेला. वाळीत तेवढं ट्रकमध्ये घालून लोकांनी सोबत आणलं.

वाळीत म्हणजे आमच्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही. रस्त्यात भेटलं तर बोलायचं नाही. हळदीला बोलावणं नाही, बारशाला नाही, मयताला खांदा नाही. जो आमच्यात येईल तोही वाळीत. आता कायद्याने हा गुन्हा आहे, म्हणून तोंडाने कोणी तसं म्हणत नाही. पण उंबरठाही कोणी ओलांडत नाही. आई गेली तेव्हा केळव्याहून माझ्या सासरची माणसं टेम्पो करून आली आणि त्यांनी तिला उचललं. वसाहतीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या राहून रडत होत्या. खरंच रडत होत्या, खोटं कशाला सांगू? पण एकही पायरी उतरून खाली आली नाही. ते रडणं मी अजून विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही.

हे सगळं मी चित्रकार बाईंना सांगितलं. त्यांनी अगदी डोळ्यांत पाणी आणून ऐकलं. मग म्हणाल्या, “हे फार महत्त्वाचं आहे, पण या कामात बसत नाही. बघणाऱ्याचा गोंधळ होईल.”

“मग निदान आमचं दार पहिलं ठेवू नका,” मी म्हटलं.

“पण त्याच्यावरच उजेड छान पडतो,” त्या म्हणाल्या.

तेल पाजून पाजून ते दार काळंभोर, चकचकीत झालं होतं. बाकीची दारं पाऊस खाऊन पांढरी पडलेली. त्यांच्या डोळ्यांना जे दिसलं ते खरंच होतं, एवढंच की त्यांना तेवढंच दिसलं. मी बाबांकडे गेले, म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं दार आहे, तुमचं ऐकतील. बाबा मग म्हणाले, “राऊ दे पयलं. मंग गाववाल्यांना आत जायाला आपल्याच दारातून जावं लागंल.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हाताऱ्याच्या मनात काय आहे. प्रकल्प, राजकारण, कला, यांतलं त्यांना काही नको होतं. मरायच्या आधी गावातलं एक माणूस आपल्या दारातून आत आलेलं त्यांना बघायचं होतं, बाकी काही नाही. मग ते दार भातगिरणीत का उभं असेना.

पहिल्या दिवसापासून बाबा तिथे जाऊन बसू लागले. इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी केलेली, आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची. घरात बसावं तसे बसायचे. चित्रकार बाईंना कोण आनंद झाला. बघणाऱ्यांना वाटायचं की हाही मांडणीचाच भाग आहे. काहीजण त्यांच्यासमोर उकिडवे बसून हळू आवाजात विचारायचे, बाबा, कसं वाटतं? बाबा म्हणायचे, बरं वाटतं. काहींना ते वॉचमन वाटायचे, ते बाथरूम कुठे विचारायचे. बाबा तेही सांगायचे. आणि प्रत्येकाला, मग तो कुठलाही असो, उठून म्हणायचे, “या, आत या.” परक्यांनी आमचा उंबरठा इतक्यांदा ओलांडला की मला तो झिजेल असं वाटायला लागलं.

पहिल्या रविवारी वसाहतीतली माणसं आली. दोन टेम्पो भरून आली, बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या, जत्रेला जावं तशी. आपली दारं बघायला आली होती. बाबा उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते. माणसं शेडच्या तोंडाशी थांबली, समोर बघितलं आणि गप्प झाली. मग एका बाईचा आवाज आला, “हितंपण पयला त्योच काय?”

त्यांना मागे फिरता येईना, कारण आपली दारं आत होती. आणि पुढे जाता येईना, कारण वाट आमच्या दारातून. तेवढ्यात कोणाला तरी आमची चौकट आणि गिरणीची भिंत यांच्यामधली फट दिसली. हातभर असेल नसेल. एकेकजण अंग चोरून, तिरका होऊन त्या फटीतून शिरायला लागला. पोटं आत घेतली, पदर आवळले. एक म्हातारी, जिला गुडघ्यांमुळे धड चालवत नाही, तिला दोघी सुनांनी पुढून-मागून धरून त्या फटीतून ओढून घेतलं. भिंतीचा चुना तिच्या सगळ्या साडीला लागला. शेजारी आमचं दार सताड उघडं. बाबा तिथे उभे. त्यांनी एकदा “या” म्हटलं, मग नुसते उभे राहिले.

आमचं दार मागे पडल्यावर सगळ्यांना वाचा फुटली. पुढची दारं ते ऐटीत ओलांडत गेले, एकमेकांच्या घरी गेल्यासारखे. “आमच्या दारावरचं कोंबड्यांचं घासून काडलं गो बाईनं!” कोणी म्हणालं. दोघा भावांचं त्यांची दारं शेजारी का लावली यावरून जुंपली. जिथे ती घरं होती तिथे आता कंपाउंडच्या आत जायला ओळखपत्र लागतं, पण भावांमधला बांध अजून तसाच आहे. हसत-भांडत ती माणसं शेवटच्या फोटोपर्यंत गेली, तिथे मात्र रडली, आणि येताना पुन्हा फटीतून बाहेर पडली.

हे सगळं मुंबईचं एक टोळकं बघत होतं. त्यांतला एक केस बांधलेला इसम, जो कलेवर लिहितो असं मला सांगण्यात आलं, तो हलक्या आवाजात सोबतच्या मुलीला म्हणाला, “बघितलंस? आखून दिलेला रस्ता हे लोक नाकारतायत. हा प्रतिकार आहे.” तिने मान हलवली. नंतर त्याने हेच कुठेतरी छापून आणलं आणि बाईंनी मला ते कौतुकाने पाठवलं. मी ते वाचलं आणि त्याच्या तोंडावर ती म्हातारी आणून उभी करावी, तिची चुन्याची साडी त्याला धुवायला लावावी, असं वाटलं.

त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, आता पुरे, घरी चला. त्यांनी ऐकलं नाही. “आजून एक यायचा राह्यलाय,” म्हणाले.

कोण ते मला माहीत होतं. आमच्या जुन्या घराला लागून ज्यांचं घर होतं ते काका. बाबा आणि ते एका ताटात जेवलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. सही झाल्याच्या दिवसापासून त्यांच्यात एक शब्द नाही. वसाहतीतही त्यांची खोली आमच्यापासून तीन घरं सोडून. पहाटे दोघे एकाच नळावर पाणी भरायचे, एकमेकांकडे पाठ करून.

ते शेवटच्या दिवशी आले, एकटे. दुपारी गर्दी नसताना आले, म्हणजे विचार करूनच आले असणार. फटीतून आत गेले, आपलं दार बघितलं, त्याच्या कडीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग मागे येताना ते पुन्हा फटीतून बाहेर पडले आणि वळून आमच्या दारासमोर येऊन थांबले. बाबा खुर्चीवरून उठले. दोघे म्हातारे दाराच्या दोन बाजूंना उभे. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि मग त्यांनी चपला काढल्या.

दोन आठवड्यांत शेकडो माणसं त्या दारातून गेली, कोणीही चपला काढल्या नव्हत्या. घरात शिरताना काढाव्यात तशा त्यांनी त्या दाराबाहेर बाजूला नीट काढून ठेवल्या, धोतराचा सोगा सावरला आणि उजवा पाय उंबरठ्याच्या आत टाकला.

“काका, थांबा! थांबा! एक मिनिट!”

चित्रकार बाईंचा व्हिडिओ काढणारा माणूस धावत आला. “फार सुंदर होतं ते. परत एकदा कराल? चपला घाला आणि परत काढा. माझ्याकडे बघू नका, नेहमीसारखं करा.”

नेहमीसारखं, असं तो म्हणाला.

काकांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसा चोरी करताना सापडलेल्या माणसाचा होतो. त्यांनी पाय मागे घेतला. वाकून चपला घातल्या, पण एक उलटीच पायात गेली आणि ती तशीच ओढत ते स्टेशनच्या रस्त्याला लागले. बाबांचा हात तोपर्यंत पुढे आलेला होता. तो त्यांनी खाली केला. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेत मुलांना त्याबद्दल मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, मी फक्त माझं काम करतोय.” चित्रकार बाई मला समजावायला आल्या. म्हणाल्या, तेवढं आलंय शूटमध्ये, वाया नाही गेलं.

आणि खरंच वाया गेलं नाही. पुढे मुंबईत कुठल्याशा दालनात ती दारं पुन्हा मांडली आणि सोबत तो छोटा व्हिडिओ लावला. चपला निघतात, पाय उंबरठ्याच्या आत पडतो, आणि तिथेच व्हिडिओ संपतो. मागे घेतलेला पाय कापून टाकला होता. लोकांना तो फार भिडला म्हणतात. तो मोबाइलवर फिरत फिरत, जसं सगळं फिरतं तसा, वसाहतीत पोचला.

एका रविवारी मी बाबांकडे गेले होते. चहा ठेवला होता. बाहेर चपलांचे आवाज आले म्हणून बघितलं तर अंगणात गावकीतली माणसं. इतक्या वर्षांत ती आमच्या अंगणात पहिल्यांदा आली होती. पायरीच्या खालीच थांबली होती. सगळ्यात मागे काका होते, मान खाली घालून. त्यांच्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते, ते मी येताना पाहिलं होतं.

बाबा दारात गेले. पुढच्या माणसाने मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि व्हिडिओ लावला. बाबांनी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काकांचा पाय आमच्या उंबरठ्याच्या आत पडताना त्यांनी पाहिलं. मी त्यांचा चेहरा बाजूने बघत होते.

“ह्यो तुमच्यात आलेला काय?” त्या माणसाने विचारलं.

काकांनी मान वर केली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हो, आला होता, चपला काढून आला होता, तुमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आला होता. पोलिसांत जाईन म्हणावं, असंही वाटलं. पण विचारलं मला नव्हतं.

“नाय,” बाबा म्हणाले. “आला नाय.”

“ह्यात दिसतो तो?”

“ते शिनेमावाल्यांचं खोटं. मी हुतो ना थितं. त्यानं पाय ठेवला नाय.”

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, मोबाइल खिशात घातला आणि निघाली. काका सगळ्यांच्या शेवटी गेले. फाटकापाशी क्षणभर थांबल्यासारखे वाटले, पण वळले नाहीत. लग्न नंतर थाटात झालं. तीन घरं पलीकडे दोन दिवस बँड वाजत होता. आमच्याकडे पत्रिका आली नाही, आणि यायचीही नव्हती.

ती माणसं गेल्यावर बाबा आत येऊन कॉटवर बसले. मी चहा पुढे केला. मी रडत होते की चिडले होते ते मलाच कळत नव्हतं. बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“इचारायला तरी आले,” ते म्हणाले.